मंगलसुत्तातील चार शब्द : पहिली ते आठवीच्या अभ्यासक्रमाचा विचार

मंगलसुत्त आपल्यापैकी बहुतेकांना मुखोद्गत आहे. परित्राण पाठात, मंगलप्रसंगी, वसतिगृहातील सायंवंदनेत आपण ते म्हणत आलो आहोत. अडतीस मंगलांची गणना करणाऱ्या या सुत्तात एके ठिकाणी चार शब्द लागोपाठ येतात : बाहुसच्च, सिप्प, विनय आणि सुभाषित वाचा. बाहुसच्च म्हणजे बहुश्रुतता, पुष्कळ ऐकलेले, वाचलेले आणि मनात मुरलेले ज्ञान. सिप्प म्हणजे शिल्प, हाताचे कौशल्य. विनय म्हणजे अंगी बाणलेली शिस्त. आणि सुभाषित वाचा म्हणजे सत्य, नेमके व हितकर बोलणे. पठणाच्या लयीत हे शब्द आपण सहज ओलांडून जातो. थांबून पाहिले तर ध्यानात येते की शाळेचा संपूर्ण अभ्यासक्रम या चार शब्दांत मांडलेला आहे, आणि तो मांडताना चारही गोष्टींना एकाच पंक्तीत बसविले आहे. ग्रंथज्ञान वर आणि हस्तकौशल्य खाली, अशी उतरंड तेथे नाही.

प्रस्तुत लेखात आम्ही शिक्षक या चार शब्दांच्या आधारे पहिली ते आठवीच्या अभ्यासक्रमाचा विचार करू इच्छितो. यास तात्कालिक कारणही आहे. अलीकडे पालकसभांतून एक मागणी वारंवार पुढे येते : वाचनालय, कार्यशाळा आणि मैदान यांसाठी राखलेला सायंकाळचा दीड तास बंद करावा आणि त्या वेळेत शिष्यवृत्ती परीक्षेचे व नवोदय प्रवेशपरीक्षेचे वर्ग घ्यावेत. ही मागणी करणारे पालक आपल्या मुलांच्या भवितव्याच्या काळजीने बोलतात. त्यांतील अनेकांनी मजुरी करून मुलांना येथे ठेवले आहे. त्यांच्या प्रश्नाला 'सर्वांगीण विकास' एवढ्या दोन शब्दांनी उत्तर देणे अप्रामाणिकपणाचे होईल. म्हणून हा विस्तृत विचार.

कोणाला काय शिकवू नये

इतिहासाचे अभ्यासक म्हणून आम्हांला प्रथम हे नमूद करावेसे वाटते की अभ्यासक्रम म्हणजे 'काय शिकवावे' यांची यादी, ही व्याख्या अपुरी आहे. या देशात अभ्यासक्रमाचा खरा इतिहास 'कोणाला काय शिकवू नये' याचा इतिहास आहे. जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेशासाठी एका महार मुलाने अर्ज केला. शाळा सरकारी पैशावर चालत होती, तरीही त्याला दार उघडले नाही. पुढे शाळेची दारे कागदोपत्री उघडली, तरी वर्गातील विषयांची दारे बंदच राहिली. खुद्द बाबासाहेबांना संस्कृत शिकावयाचे होते. ते नाकारले गेले म्हणून त्यांना फारसी हा विषय घ्यावा लागला. पुढे त्यांनी स्वतःच्या परिश्रमाने संस्कृतचा अभ्यास केला, पालीचा केला, पालीचा शब्दकोश सिद्ध करण्याचे काम हाती घेतले. वेळापत्रकातील एक विषय नाकारणे हा एखाद्या समाजाला त्याच्या भूतकाळापासून तोडण्याचा मार्ग असतो, हे या प्रसंगातून शिकावयाचे.

याच्या उलट बाजूही तितकीच बोलकी आहे. बाबासाहेबांच्या शालेय वयातील एका सत्कारप्रसंगी कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. ते पुस्तक कोणत्याही इयत्तेला लावलेले नव्हते. त्यावर प्रश्नपत्रिका निघणार नव्हती. तरीही त्या भेटीने लावलेली ओढ १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरपर्यंत पोहोचली. अभ्यासक्रमाबाहेरचे एक पुस्तक काय करू शकते, याचे याहून मोठे उदाहरण आपल्याजवळ नाही.

महात्मा फुल्यांनी या प्रश्नाचा विचार अधिक नेमकेपणाने केला होता. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगास सादर केलेल्या निवेदनात त्यांनी वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली आणि त्याचा अभ्यासक्रमही सांगितला : मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, सामान्य इतिहास, भूगोल व व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य यांवरील काही पाठ. शेतीच्या धड्यांना जोडून शाळेजवळ लहानसे नमुना-शेत असावे, असेही त्यांनी सुचविले. निरीक्षण करा : या यादीत मोडी आहे, कारण सावकाराचे आणि कुलकर्ण्याचे दप्तर मोडीत होते. हिशेब आहे, कारण फसवणूक हिशेबातून होत होती. आरोग्य आहे, कारण रोगराई प्रथम आपल्या वस्तीत येत होती. प्रत्येक विषयामागे एक गुलामगिरी आहे आणि तो विषय तिची बेडी तोडण्यासाठी निवडलेला आहे. अभ्यासक्रम रचावयाचा तो असा.

बाहुसच्च : वाचता येणे, आणि वाचत राहणे

१२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी एक आकडा सभागृहापुढे ठेवला. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी केवळ १८ चौथ्या इयत्तेपर्यंत पोहोचतात. उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत परततात. प्राथमिक शिक्षणाचे उद्दिष्ट त्यांनी त्या वेळी स्पष्ट केले : शाळेत पाऊल टाकणारे मूल साक्षर होऊनच बाहेर पडावे आणि आयुष्यभर साक्षर राहावे. या भाषणानंतर अवघ्या आठ दिवसांनी, २० मार्च १९२७ रोजी, ते महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळीत पाणी घेऊन उभे होते. शाळा आणि पाणी हे त्यांच्या दृष्टीने एकाच हक्काचे दोन भाग होते.

आज गळतीचे प्रमाण तसे राहिलेले नाही. मुले आठवीपर्यंत पोहोचतात. परंतु पोहोचलेल्या प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता येते काय, भागाकार उकलता येतो काय, हा प्रश्न आम्ही शिक्षकांनी स्वतःला रोज विचारला पाहिजे. येथे आमची भूमिका निःसंदिग्ध आहे. वाचन, लेखन आणि गणित यांत मूल मागे राहिले, तर गायन, चित्रकला, सहल आणि स्नेहसंमेलन यांपैकी कोणतीही गोष्ट त्या नुकसानीची भरपाई करू शकत नाही. पहिली-दुसरीत वाचन पक्के झाले नाही तर तिसरीपासून परिसर अभ्यास, सहावीपासून विज्ञान, इतिहास व भूगोल हे सारे विषय त्या मुलाला बंद दारासारखे वाटतात. म्हणून व्यापक अभ्यासक्रमाचा पुरस्कार म्हणजे मूलभूत अभ्यासाला सवलत, असा अर्थ कोणी काढू नये.

मात्र वाचन पक्के कशाने होते? आमचा अनुभव असा की पाठ्यपुस्तकाने अक्षरओळख होते, पण वाचनाची सवय अवांतर पुस्तकांनीच लागते. वर्षभरात एका भाषेचे एकच पुस्तक वाचणारे मूल ते पुस्तक जवळजवळ पाठ करते, आणि पाठ झालेले वाचणे हे वाचणे नव्हे. नवा उतारा समोर आला की ते अडखळते. शिष्यवृत्ती परीक्षेत नेमका हाच नवा उतारा येतो. वाचनालयाचा तास आणि परीक्षा यांत जे वैर कल्पिले जाते, ते असे मुळातच खोटे आहे.

भाषेसंबंधी आणखी एक गोष्ट. आपली मुले वऱ्हाडी, अहिराणी, मराठवाडी अशा घरच्या बोली घेऊन येतात. पहिलीत त्या बोलीला हसणारा शिक्षक मुलाला भाषा शिकवत नाही, गप्प बसावयास शिकवतो. प्रमाण मराठी त्यांना आलीच पाहिजे, कारण अर्ज, निकालपत्र आणि कायदा त्या भाषेत आहे. इंग्रजीही आली पाहिजे. महाराष्ट्रात २००० सालापासून ती पहिलीपासून शिकवली जाते. परंतु या दोन्ही भाषा घरच्या बोलीच्या खांद्यावर उभ्या राहतात, तिची मान दाबून नव्हे.

गणिताचे एक साधे उदाहरण घेऊ. सहावीच्या मुलांना आम्ही भोजनगृहाच्या कोठारात नेतो. १२० मुले, प्रत्येकाला एका जेवणास ७५ ग्रॅम तांदूळ, दिवसातून दोन जेवणे. एका जेवणाला ९ किलो, दिवसाला १८ किलो, तीस दिवसांना ५४० किलो. पन्नास किलोची पोती किती मागवावीत? उत्तर १०.८ येते, आणि मुले पाहतात की दुकानदार दशांशात पोते देत नाही. ११ मागवावी लागतात आणि १० किलो शिल्लक राहतो. तो शिल्लक पुढच्या महिन्याच्या वहीत चढतो की नाही, हे तपासणे हेही गणितच. फुल्यांनी हिशेब हा विषय का सांगितला होता, ते मुलांना त्या दिवशी वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

सिप्प : हाताचे ज्ञान, जातीचे नव्हे

सातव्या शतकात भारतात आलेल्या ह्युएनत्संगाने नोंदविले आहे की येथील मुलांना प्रारंभिक अक्षरपाठानंतर, सातव्या वर्षापासून, पंचविद्या शिकविल्या जात : शब्दविद्या, शिल्पस्थानविद्या, चिकित्साविद्या, हेतुविद्या आणि अध्यात्मविद्या. व्याकरण आणि तर्कशास्त्र यांच्या बरोबरीने कारागिरीचे शास्त्र तेथे विद्या म्हणून गणले जाते, ही बाब महत्त्वाची आहे.

याचा पुरावा आपल्या लेण्यांच्या भिंतींवर आहे. सहावीच्या इतिहासात प्राचीन भारत येतो, तेव्हा आम्ही मुलांना लेण्यांतील दानलेखांची ओळख करून देतो. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या द्वाराचे काम धेनुकाकट येथील सामी नावाच्या सुताराने केले, असा लेख तेथे आहे. कुडे येथील लेण्यांत माळाकाराचे दान आहे. जुन्नरच्या लेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. या श्रेणींकडे दानाची ठेव विश्वासाने सोपविली जात असे. बुरूडकाम करणाऱ्या घरातील मूल हा मजकूर ऐकते, तेव्हा त्याला कळते की ज्या कामासाठी आज आपल्याला हिणवले जाते, ते काम करणारी माणसे दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खुसंघाच्या ठेवी सांभाळीत होती. इतिहासाचा तास आणि कार्यानुभवाचा तास येथे एकत्र येतात.

परंतु येथे एक मोठा धोका आहे आणि तो स्पष्ट सांगितला पाहिजे. हस्तकौशल्याच्या शिक्षणाचे नाव घेऊन बहुजनांच्या मुलांना त्यांच्या जातीच्या धंद्यात परत ढकलण्याचा प्रयत्न या देशात झालेला आहे. १९५३ साली मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी प्राथमिक शिक्षणाची एक योजना आणली. मुलांनी अर्धा दिवस शाळेत बसावे आणि उरलेल्या वेळात घरी आईवडिलांचा व्यवसाय शिकावा, असे तिचे स्वरूप होते. वकिलाच्या मुलाने काय शिकावे आणि चांभाराच्या मुलाने काय शिकावे, हे त्या योजनेने न बोलता सांगितले होते. पेरियार रामस्वामी आणि द्रविड चळवळीने तिला 'कुलकल्वी', म्हणजे कुळाचे शिक्षण, असे म्हणून कडाडून विरोध केला. राजगोपालाचारींना पद सोडावे लागले आणि १९५४ मध्ये कामराज यांच्या सरकारने ती योजना रद्द केली.

म्हणून कार्यशाळेच्या बाबतीत काही नियम कटाक्षाने पाळावयास हवेत, असे आम्ही मानतो. पहिला : कोणतेही मूल आपल्या घराण्याचे काम म्हणून कोणतेही कौशल्य शिकणार नाही. प्रत्येकाने वर्षातून निदान दोन वेगळी कामे शिकावीत. दुसरा : मुली विजेची जोडणी व सुतारकाम शिकतील आणि मुले स्वयंपाक व शिवण शिकतील. तिसरा : स्वच्छतेची पाळी सर्वांची, आणि तीत शिक्षकांचेही नाव फळ्यावर असेल. शौचालयाची सफाई केवळ काही मुलांवर येते अशी शाळा, तिच्या प्रार्थनागृहात कोणाचीही मूर्ती असो, बुद्धाची शाळा नव्हे. चौथा : प्रत्येक कामामागचे शास्त्र शिकवले जाईल. खुर्ची डुगडुगते तेव्हा तीन पायांचे स्टूल का डुगडुगत नाही, हे सुतारकामात विचारलेच पाहिजे. हात कामात आणि डोके प्रश्नात, असे झाले तरच ते सिप्प. नाहीतर ती वेठ.

विनय : भीतीवाचून शिस्त

निवासी शाळेची कीर्ती पुष्कळदा तिच्या कडक शिस्तीवरून होते. कडक याचा अर्थ छडी, असा समज माजी विद्यार्थ्यांतही आढळतो. काहीजण कौतुकाने म्हणतात की मार खाल्ला म्हणून घडलो. आदरपूर्वक सांगावेसे वाटते की ते घडले ते मार खाऊनही घडले. मारामुळे जे शाळा सोडून गेले, ते अशा मेळाव्यांना येत नाहीत आणि त्यांची साक्ष कोणी नोंदवीत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस बंदी केली आहे. याच कायद्यातील अभ्यासक्रमासंबंधीच्या कलमात संविधानातील मूल्ये, कृतीतून शिकणे आणि भय व चिंता यांपासून मुलाची मुक्तता या गोष्टी एकत्र सांगितल्या आहेत.

पण बौद्धांना यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नव्हते. मज्झिमनिकायातील अंबलट्ठिक राहुलोवाद सुत्तात भगवान बुद्ध बालक राहुलाला सत्य बोलण्याविषयी शिकवतात. परंपरा सांगते की राहुल तेव्हा सात वर्षांचा होता, म्हणजे आपल्या दुसरीतल्या मुलाएवढा. बुद्ध त्याला दटावीत नाहीत. ते पाण्याचे भांडे घेतात, त्यातले थोडे उरलेले पाणी दाखवतात, ते ओततात, भांडे पालथे करतात, आणि प्रत्येक कृतीनंतर एक प्रश्न विचारतात. पुढे ते आरशाचा दाखला देतात : आरसा जसा पाहण्यासाठी, तसे आपले कर्मही पुन्हा पुन्हा पाहावे, करण्यापूर्वी, करीत असताना आणि केल्यानंतर. याने मला, दुसऱ्याला किंवा दोघांना दुःख होईल काय, हा कसोटीचा प्रश्न.

अध्यापनशास्त्राच्या कोणत्याही वर्गात हा आदर्श पाठ म्हणून दाखवता येईल. साधे साहित्य आहे, कृती आहे, प्रश्न आहेत, आणि शेवटी मुलाच्या हाती स्वतःला तपासण्याचे साधन दिले आहे. दुसऱ्याच्या भीतीने पाळलेली शिस्त पहारेकरी गेला की संपते. आरसा मात्र मुलाबरोबर जातो. सकाळची आनापानाची दहा मिनिटे याच आरशासाठी आहेत. ती अभ्यासाचा पर्याय नव्हेत, आणि तसा दावा कोणी करू नये.

सुभाषित वाचा : प्रश्न विचारणारी जीभ

१८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात मुक्ता साळवे या विद्यार्थिनीचा 'मांग महारांच्या दुःखाविषयी' हा निबंध प्रसिद्ध झाला. ती फुले दाम्पत्याच्या पुण्यातील शाळेत शिकत होती. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना अक्षर नाकारले होते त्यांच्यातील एका मुलीने, शाळेत गेल्यानंतर अल्पावधीत, धर्मव्यवस्थेला जाहीर प्रश्न विचारले. त्या शाळेचे यशापयश मोजावयाचे झाल्यास हा निबंध हेच तिचे निकालपत्र होय.

बाबासाहेबांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला मिलिंद हे नाव दिले. ग्रीक राजा मिलिंद प्रश्न विचारणारा होता, आणि उत्तर पटल्यावर ते मान्य करण्याचा प्रामाणिकपणा त्याच्यात होता. मिलिंदप्रश्नात नागसेन राजाला प्रथमच बजावतात की वाद पंडितांच्या रीतीने होणार असेल तरच आपण बोलू, राजांच्या रीतीने नव्हे. पंडितांच्या वादात चूक दाखवली जाते, मान्य केली जाते आणि कोणी रागावत नाही. राजांच्या वादात न पटणाऱ्याला शिक्षा होते. आमच्या मते प्रत्येक शिक्षकाने वर्गात शिरताना स्वतःला विचारावे : आज मी नागसेन आहे की राजा?

वर्गात याचे रूप असे असते. सातवीत आम्ही 'पाणी' हा एक विषय तीन आठवडे चालवतो. विज्ञानात तुरटीने गढूळ पाणी कसे निवळते आणि क्लोरीन काय करते, ते मुले करून पाहतात. तुरटीने गाळ बसतो पण जंतू मरतातच असे नाही, हा फरक ती स्वतःच्या शब्दांत मांडतात. भूगोलात आपल्या तालुक्याचा पाऊस आणि विहिरी येतात. इतिहासात चवदार तळे येते. नागरिकशास्त्रात ग्रामपंचायतीची पाणीपुरवठ्याची जबाबदारी येते. शेवटी प्रत्येक गट सरपंचांना उद्देशून एक अर्ज लिहितो आणि वर्गासमोर उभा राहून त्याची बाजू मांडतो. इतरांनी प्रत्येकाला निदान एक प्रश्न विचारावयाचा असतो. पहिल्या आठवड्यात मुली बोलत नाहीत. तिसऱ्या आठवड्यात त्यांना थांबवावे लागते. चार विषयांचे घटक यात पूर्ण होतात आणि एक गोष्ट अधिक होते : आपले म्हणणे कागदावर आणि तोंडाने मांडता येणारा नागरिक तयार होतो.

सायंकाळचा दीड तास

आता मूळ प्रश्नाकडे वळू. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस व ८०० तास, आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १,००० तास अध्यापन अपेक्षित आहे. निवासी शाळेतील मूल रोज सुमारे १५ तास जागे असते. २२० दिवसांचे ते ३,३०० तास होतात. म्हणजे वर्गातील अध्यापन जागेपणाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी आहे. उरलेले २,३०० तास हाही अभ्यासक्रमच आहे. तो आपण रचला नाही, तर टवाळी, कंटाळा आणि मोठ्या मुलांची दादागिरी तो रचतील.

ही दृष्टी आपल्या चळवळीत जुनी आहे. २० जुलै १९२४ रोजी स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापूर येथे वसतिगृह सुरू केले. तेथील विद्यार्थ्यांनी 'सरस्वती विलास' नावाचे मासिक काढले. सभेने मुंबईत मोफत वाचनालय चालवले आणि तरुणांना जुगार व दारूपासून दूर ठेवण्यासाठी हॉकीचा संघही काढला. साधनांची एवढी टंचाई असताना बाबासाहेबांच्या सभेने मासिक, वाचनालय आणि मैदान यांवर खर्च केला. त्यांना परीक्षांचे महत्त्व कळत नव्हते, असे कोण म्हणेल?

परीक्षा टाळता येणार नाहीत, आणि टाळूही नयेत. महाराष्ट्रात पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली आहे. शिष्यवृत्ती मिळाली तर एखाद्या मुलीचे नववीतील शिक्षण वाचते, हे आम्ही पाहतो. म्हणून आमचा प्रस्ताव असा : परीक्षेला बसणाऱ्या मुलांसाठी सकाळी पाऊण तासाचा सराव, आठवड्यातून पाच दिवस, आणि सुट्टीच्या दिवशी एक पूर्ण सराव प्रश्नपत्रिका. एवढ्याने सराव पुरेसा होतो. सायंकाळचा दीड तास मात्र सर्व मुलांचा आहे. तो बंद करून परीक्षावर्ग घेतल्यास निवडक मुलांसाठी उरलेल्या सर्वांचे वाचनालय, कार्यशाळा आणि मैदान काढून घेतल्यासारखे होईल. ज्यांना आजवर नाकारले गेले त्यांच्या शाळेत पुन्हा एकदा नाकारलेल्यांची रांग तयार होईल. सुखवस्तू घरातील मुलाला शाळेने पुस्तक दिले नाही तर घरात कपाट असते, शाळेने तबला दिला नाही तर शिकवणी असते. आपल्या मुलाला शाळेने दिले नाही तर कोणीच देत नाही. श्रीमंताच्या शाळेत या गोष्टी शोभेच्या असू शकतील. येथे त्या हक्काच्या आहेत.

पालकांना व माजी विद्यार्थ्यांना

पालकहो, सुट्टीत मूल घरी आले की 'किती टक्के?' हा प्रश्न जरूर विचारा. त्याबरोबर आणखी चार प्रश्न विचारा : पाठ्यपुस्तकाबाहेरचे कोणते पुस्तक वाचलेस? हाताने काय करावयास शिकलास? कोणती चूक तुझी तुलाच दिसली? वर्गात कोणता प्रश्न विचारलास? या चारांपैकी एकाचेही उत्तर आले नाही, तर आम्हांला येऊन जाब विचारा. तो तुमचा अधिकार आहे.

माजी विद्यार्थी बंधू-भगिनींकडे आमची मागणी पैशाची कमी आणि वेळेची अधिक आहे. तुमच्यात परिचारिका आहेत, वीजतंत्री आहेत, वकील, शेतकरी, बँकेतील कर्मचारी, चित्रकार आहेत. वर्षातून चार सायंकाळी या. परिचारिकेने मुलांना जलसंजीवनी तयार करावयास शिकवावे, वकिलाने माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहून घ्यावा, शेतकऱ्याने बियाण्यांची उगवणक्षमता तपासून दाखवावी. आणि येताना एक पुस्तक आणा, नवे नसले तरी चालेल, पण तुम्ही स्वतः वाचलेले असावे. ते कोणाच्या हाती पडेल आणि कोठवर पोहोचेल, हे केळुसकर गुरुजींनाही त्या दिवशी ठाऊक नव्हते.